जॅन रफ-ओहर्न यांचे स्मरण: पन्नास वर्षांचे मौन कोणी घडवले?

प्रश्न असा आला आहे: जॅन रफ-ओहर्न या डच स्त्रीवर एका अंकासाठी स्मरणलेख लिहायचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने त्यांना जावा बेटावर लैंगिक गुलामगिरीत ढकलले. पुढे त्या ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्या आणि २०१९ साली, वयाच्या ९६व्या वर्षी वारल्या. युद्धातले थोडे महिने आणि नंतरची पंचाहत्तर वर्षे यांचा मेळ लेखात कसा घालावा, आणि पन्नास वर्षे जिने तोंड उघडले नाही तिच्या सांगण्यावर कितपत विसंबावे?

वृद्ध साक्षीदारांच्या मुलाखती घेणे, त्या कागदपत्रांशी ताडून पाहणे आणि वाचकांसमोर ठेवता येतील अशा संपादित करणे हे काम मी बरीच वर्षे करते आहे. त्या अनुभवावरून सांगते की हे दोन प्रश्न वेगळे दिसत असले तरी दोन्हींची गाठ एकाच जागी बसते. जॅन यांच्याविषयी छापून आलेल्या बहुतेक मजकुरात त्यांचे मौन हा त्यांच्या स्वभावाचा किंवा लाजेचा भाग असल्यासारखे मांडलेले दिसते: आधी छळ, मग पन्नास वर्षांची शांतता, मग धैर्य. वस्तुस्थिती तशी नाही. गप्प राहण्याची ताकीद त्यांना प्रथम सैनिकांनी दिली, नंतर छावणीतल्या बायकांच्या टोमण्यांनी, मग त्यांच्या आईवडिलांनी, एका धर्मगुरूने आणि शेवटी एका संपूर्ण देशाने. हे मौन माणसांनी घडवलेले होते आणि ती माणसे नावानिशी नसली तरी भूमिकेनिशी दाखवता येतात. लेखात ते दाखवले, तर युद्ध आणि नंतरचे आयुष्य यांना जोडण्यासाठी वेगळी कसरत करावी लागणार नाही.

सुरुवात जन्मापासून करा, छावणीपासून नको. जॅन यांचा जन्म १८ जानेवारी १९२३ रोजी बांडुंगचा. जावा तेव्हा डच ईस्ट इंडीजचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचा, भाग होता. सेमारांगजवळच्या साखरेच्या मळ्याच्या परिसरात भावंडांबरोबर त्यांचे बालपण गेले. घर श्रद्धाळू कॅथलिक, संगीताची आवड असलेले. पुढे त्या सेमारांगमधल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या जोगिणींच्या (ननच्या) अध्यापक विद्यालयात शिकल्या आणि आपणही जोगीण व्हायचे हे त्यांच्या मनात पक्के होत गेले. या बालपणाबद्दल त्या आयुष्यभर जिव्हाळ्याने बोलत आल्या. तो जिव्हाळा लेखात जरूर आणावा, पण साखरेचा मळा म्हणजे वसाहतीचा मळा हेही त्याच परिच्छेदात यावे. डच कुटुंबाचे ते सुखाचे घर जावानी नोकरचाकरांच्या आणि मजुरांच्या श्रमावर उभे होते. पुढे याच बेटावरच्या लोकांनी स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचलले, तेव्हा जॅन यांच्यासारख्या स्त्रिया पुन्हा कात्रीत सापडल्या. ही पार्श्वभूमी गाळली तर पुढचा अर्धा भाग वाचकाला उमगत नाही.

८ मार्च १९४२ रोजी डच सैन्याने जावात शरणागती पत्करली. त्यानंतर जपान्यांनी डच नागरिकांना छावण्यांत कोंडण्यास सुरुवात केली. संपूर्ण ईस्ट इंडीजमध्ये सुमारे एक लाख नागरिक असे बंदिवासात होते आणि त्यांपैकी सुमारे १३ हजार उपासमारीने, आमांशाने, बेरीबेरीने आणि औषधांवाचून दगावले. जॅन, त्यांची आई आणि बहिणी अंबारावा येथील जुन्या, मोडकळीस आलेल्या लष्करी बराकीत आल्या, तर वडील त्यांच्यापासून तोडले गेले. तिथले जिणे म्हणजे रोजचे अंगमेहनतीचे काम, हजेरीसाठी उन्हात ताटकळणे, मूठभर अन्न. जवळजवळ दोन वर्षे त्या या छावणीत होत्या. स्मरणलेख लिहिणारे ही दोन वर्षे दोन ओळींत उरकतात. पण ज्या मुलीला ट्रकवर चढवले गेले ती आधीच दोन वर्षे भुकेली होती, आईच्या जिवाला धोका आहे या भीतीखाली होती, हे वाचकाला आधी कळायला हवे.

फेब्रुवारी १९४४ मध्ये जपानी अधिकारी छावणीत आले आणि सतरा वर्षांवरच्या सगळ्या अविवाहित मुलींना आवारात रांगेत उभे राहण्याचा हुकूम सुटला. मुलींना वरपासून खालपर्यंत न्याहाळून निवड झाली. आया रडत, विनवण्या करत राहिल्या. जॅन तेव्हा २१ वर्षांच्या होत्या. त्यांच्यासह सात मुलींना सेमारांगमधल्या एका मोठ्या डच घरात उतरवण्यात आले. त्या घराला जपान्यांनी 'सात समुद्रांचे घर' असे नाव दिले होते. प्रत्येक मुलीला एका फुलाचे जपानी नाव देण्यात आले. त्यांचे फोटो काढून दर्शनी भागात लावले गेले. पुढे काय झाले ते जॅन यांनी स्वतः, भर सभेत, न अडखळता सांगितलेले आहे. तुम्ही ते त्यांच्याच मोजक्या शब्दांच्या आधारे सांगावे, त्यात भर घालू नये. त्यांनी केलेला प्रतिकार मात्र विसरू नका. आपण कुरूप दिसलो तर कदाचित सुटका होईल म्हणून त्यांनी डोक्यावरचे सगळे केस कापून टाकले. त्याचा उपयोग झाला नाही, उलट सैनिकांचे कुतूहलच वाढले. तपासणीसाठी येणाऱ्या लष्करी डॉक्टरकडे त्यांनी दाद मागितली, तर त्यानेच त्यांच्यावर अत्याचार केला. तरीही प्रत्येक वेळी आपण झगडलो, हे त्या अखेरपर्यंत ठासून सांगत असत.

इथे एका वस्तूपाशी थांबावे असे मला वाटते. त्या घरात जॅन यांच्याकडे एक पांढरा हातरुमाल होता. त्यावर त्यांनी तिथल्या मुलींची नावे लिहून घेतली, तारीख टाकली आणि नंतर त्या अक्षरांवर रंगीत धाग्याने भरतकाम केले. फुलांची नावे बाहेरच्या भिंतीवर आणि मुलींची खरी नावे या रुमालावर. तो रुमाल त्यांनी पुढच्या प्रत्येक घरात, प्रत्येक देशात आपल्याबरोबर नेला आणि लपवून ठेवला. घरातल्यांना तो कशाचा आहे हे माहीत नव्हते. माझ्या कामात मी नेहमी पाहते की माणूस बोलत नसला तरी पुरावा जपून ठेवतो, आणि जपलेल्या पुराव्याचा अर्थ इतकाच असतो की केव्हातरी कोणीतरी विचारील अशी आशा त्याने सोडलेली नाही. जॅन विसरल्या होत्या किंवा त्यांना विसरायचे होते असे ज्यांना वाटते त्यांच्यापुढे हा रुमाल ठेवावा.

सेमारांगमधली अशी लष्करी वेश्यालये बंद झाली ती जपानी लष्कराला दया आली म्हणून नव्हे. टोकियोहून छावण्यांच्या पाहणीसाठी आलेल्या एका अधिकाऱ्यापुढे डच बंदिवानांकडून तक्रार गेली, आणि स्त्रियांच्या संमतीशिवाय असे करू नये हा लष्कराचाच नियम मोडल्याचे उघड झाल्यावर सेमारांगमधल्या या जागा एप्रिल १९४४ च्या अखेरीस बंद करण्यात आल्या. मुलींना आधी बोगोर येथील छावणीत हलवले गेले. झालेली गोष्ट कोणाला सांगितली तर तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना ठार मारू, अशी ताकीद सैनिकांनी दिली. मौनाची पहिली वीट ही. दुसरी वीट मात्र जपान्यांनी रचलेली नाही. या मुली वेगळ्या ठेवलेल्या आहेत हे पाहून इतर डच बंदिवान स्त्रियांनी त्या स्वखुशीने सैनिकांकडे गेल्या असे ठरवून टाकले आणि त्यांच्या छावणीला वेश्यांची छावणी म्हणू लागल्या. ताकिदीमुळे या मुलींना उत्तरही देता येत नव्हते. ज्या समाजाकडून आधार मिळायचा त्याच समाजाने बोट दाखवले, आणि ती जखम जॅन यांनी आपल्या साक्षीत अत्याचाराच्या शेजारी ठेवली आहे हे लक्षात घ्या.

आईची भेट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी जॅन यांनी तिला सगळे सांगितले. आईला ते पेलले नाही. पुढे आईने तो विषय कधी काढला नाही. युद्ध संपल्यावर वडिलांना कळले, त्यांच्याशीही एकदाच बोलणे झाले आणि मग दार बंद झाले. छावणीत एका धर्मगुरूला त्यांनी आपली हकीकत सांगून जोगीण होण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा अशा परिस्थितीत तू जोगीण न झालेलेच बरे, असे उत्तर मिळाले. ज्या मुलीने त्या घरात प्रार्थनेच्या बळावर दिवस काढले होते, तिला तिच्याच धर्मपीठाचा माणूस तू आता योग्य राहिली नाहीस असे सांगत होता. स्मरणलेखात हा प्रसंग सहसा तळटीपेसारखा येतो. मला विचाराल तर तो मध्यभागी यायला हवा, कारण आपली कहाणी सांगितली की माणसे दूर होतात हे जॅन यांनी इथे तीनदा, आणि तेही सर्वांत जवळच्या माणसांकडून शिकले. त्यानंतर कोणी बोलले नाही तर तो भित्रेपणा ठरत नाही. अनुभवातून आलेले ते शहाणपण असते.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली, पण जावातल्या डच बायकामुलांची सुटका त्या दिवशी झाली नाही. दोनच दिवसांनी सुकार्नो आणि हाट्टा यांनी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली, रस्त्यांवर सशस्त्र तरुण उतरले आणि छावण्यांच्या बाहेर पडणे आत राहण्याहून धोक्याचे झाले. दोस्त राष्ट्रांच्या वतीने जावाचा ताबा घ्यायला आलेले ब्रिटिश सैन्य मुख्यतः भारतीय सैन्य होते, आणि त्यात आपली माणसे होती. सुराबायात ऑक्टोबर १९४५ अखेर जी लढाई पेटली तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची सहावी बटालियन होती, आणि डच बायकामुलांना घेऊन निघालेल्या ट्रकांचे रक्षण करताना भारतीय जवान मारले गेले. ज्या स्वातंत्र्याची स्वप्ने हे जवान आपल्या घरी ऐकत होते त्याच स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या तरुणांवर त्यांना बंदूक रोखावी लागली, हा विषय मराठीत स्वतंत्र लेखाचा आहे. इथे त्याचा संबंध असा की जॅन तेव्हा बटाव्हियातल्या (आजच्या जकार्तातल्या) क्रामाट छावणीत होत्या आणि त्या छावणीचे रक्षण करणाऱ्या ब्रिटिश सैनिकांपैकी टॉम रफ या तरुणाशी त्यांची ओळख झाली. लग्नाआधी त्यांनी टॉमला सर्व काही सांगितले. १९४६ साली दोघांचे लग्न झाले. टॉमने त्यांना स्वीकारले, पण त्या एका संभाषणानंतर तोही विषय नवराबायकोत जणू संपला. प्रेम होते आणि तरीही बोलणे नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांतली एक दुसरीला खोटी ठरवत नाही.

आता त्या संपूर्ण देशाविषयी. १९४८ साली बटाव्हियातील डच लष्करी न्यायालयात सेमारांगच्या प्रकरणावर खटला चालला. काही जपानी अधिकाऱ्यांना आणि वेश्यालय चालवणाऱ्यांना शिक्षा झाल्या आणि एका मेजरला मृत्युदंड देण्यात आला. युद्धानंतर लष्करी लैंगिक गुलामगिरीबद्दल असा न्याय मिळाल्याची उदाहरणे अगदीच विरळा आहेत, म्हणून हा खटला महत्त्वाचा. पण तो डच स्त्रियांपुरताच होता. त्याच बेटावर त्याच सैन्याने नासवलेल्या जावानी मुलींसाठी त्या न्यायालयात जागा नव्हती. खुद्द नेदरलँड्समध्येही या निकालाची कोणी आठवण ठेवली नाही. जर्मन अंमल, १९४४-४५ चा भुकेचा हिवाळा, ज्यूंची हद्दपारी या आघातांतून सावरू पाहणाऱ्या देशाला पूर्वेकडून परतलेल्यांच्या कहाण्या ऐकायच्या नव्हत्या. तुमच्याकडे निदान ऊन तरी होते, अशा थाटाची उत्तरे परत आलेल्यांना मिळत. राष्ट्रीय स्मरणाचा दिवस ४ मे ठरला. ईस्ट इंडीजमधल्या मृतांसाठी हेग येथे स्मारक उभे राहायला १९८८ साल उजाडावे लागले. देशांतर केलेल्या डच माणसांची आठवण लिहिताना हा मुद्दा पुनःपुन्हा समोर येतो. माणूस देश सोडून जातो त्याआधी पुष्कळदा देशाने त्याची कहाणी सोडून दिलेली असते.

लग्नानंतर जॅन इंग्लंडला गेल्या आणि १९६० साली पतीसह दक्षिण ऑस्ट्रेलियात अॅडलेडला येऊन राहिल्या. आयलीन आणि कॅरल या त्यांच्या दोन मुली. त्याआधी अनेक गर्भपात झाले होते आणि युद्धात शरीराची जी हानी झाली होती तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली होती. अॅडलेडमध्ये त्यांनी कॅथलिक प्राथमिक शाळांत शिकवले. टॉमला मोटार अपघातात मेंदूला इजा झाली, तेव्हापासून १९९५ साली त्यांचे निधन होईपर्यंत जॅन यांनी वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा केली. शाळेतले वर्ग, रविवारची प्रार्थना, आजारी नवरा, वाढत्या मुली, मग नातवंडे: हे आयुष्य युद्धाचा उपसंहार म्हणून लिहू नका. त्यात वर्षे सर्वाधिक आहेत आणि त्यातले श्रम जॅन यांनी स्वतः निवडलेले आहेत.

तरी याच घरात ते जुने दिवस रोज उपस्थित होते, फक्त कोणाला ते ओळखता येत नव्हते. जॅन यांना फुले आवडत नसत. वाढदिवसाला किंवा मातृदिनाला मुलींनी फुले आणू नयेत असे त्या सांगत. आईला फुले का नकोत हे मुलींना कळत नसे, आणि ज्या घरात मुलींना फुलांची नावे दिली जात होती त्याविषयी त्यांना सांगणार कोण? डॉक्टरकडे जाणे त्या टाळत. अंधार पडू लागला की अंगातून भीतीची लहर जाई, कारण त्या घरात अंधार म्हणजे सैनिक येण्याची वेळ होती. इतक्या वर्षांनंतरही ही भीती तशीच येते, असे त्यांनी उतारवयात सांगितले. माझ्या कामात मी नवशिक्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते की साक्षीदाराच्या घरच्यांना 'तुमच्या आईने युद्धाबद्दल काय सांगितले' असे विचारू नका. घरात काय वर्ज्य होते, कोणत्या वासाने, कोणत्या वेळी, कोणत्या वस्तूने आई गप्प होई, असे विचारा. ज्या मुलांना काहीच सांगितलेले नसते त्यांना हे सगळे बारकाव्यांसह ठाऊक असते.

ऑगस्ट १९९१ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम हाक-सून यांनी आपण जपानी लष्कराच्या वेश्यालयात होतो हे स्वतःच्या नावाने आणि चेहऱ्याने जाहीरपणे सांगितले. त्यांच्या मागोमाग आणखी कोरियन स्त्रिया पुढे आल्या. जॅन यांनी त्यांना दूरचित्रवाणीवर पाहिले. त्याच सुमारास बोस्नियाच्या युद्धात स्त्रियांवरच्या संघटित बलात्कारांच्या बातम्या येऊ लागल्या. या कोरियन स्त्रिया एकट्या पडता कामा नयेत, युरोपियन स्त्री बोलली तर जग अधिक लक्ष देईल, असे जॅन यांना वाटले. या विचारात जगाच्या पक्षपाताची अचूक जाण आहे. १९४८ च्या न्यायालयाने ज्या भेदाने आशियाई स्त्रियांना बाहेर ठेवले होते, तोच भेद त्यांनी आता त्या स्त्रियांच्या कामी लावला. पण त्याआधी मुलींना सांगणे भाग होते आणि ते समोरासमोर जमेना. म्हणून त्यांनी सगळे लिहून काढले आणि तो मजकूर मुलींच्या हाती दिला. साठी ओलांडलेल्या, सत्तरीला टेकलेल्या आयांची अशी पत्रे मी इतर घरांतही पाहिलेली आहेत. तोंडाने न निघणारी गोष्ट कागदावर उतरते, कारण कागद वाचणाऱ्याचा चेहरा लिहिताना दिसत नाही.

डिसेंबर १९९२ मध्ये टोकियोत झालेल्या आंतरराष्ट्रीय जाहीर सुनावणीत जॅन यांनी साक्ष दिली. १९९४ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पुढची पंचवीस वर्षे त्या या एका कामासाठी देशोदेशी फिरल्या. २००० साली टोकियोत भरलेल्या स्त्रियांच्या लोकन्यायाधिकरणासमोर त्या उभ्या राहिल्या. १५ फेब्रुवारी २००७ रोजी, ८४ वर्षांच्या असताना, अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे ली योंग-सू आणि किम कून-जा या दोन कोरियन स्त्रियांच्या शेजारी बसून त्यांनी निवेदन केले. त्याच वर्षी ३० जुलैला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने जपानने निःसंदिग्ध माफी मागावी असा ठराव संमत केला. जपानमध्ये १९९५ साली स्थापन झालेल्या आशियाई महिला निधीतून काही डच स्त्रियांनी पैसे घेतले, पण जॅन यांनी घेतले नाहीत. देणग्यांवर चालणारा निधी हे सरकारने जबाबदारी टाळण्याचे साधन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी पैसे घेतले त्यांना मात्र लेखात कमी लेखू नका. त्यांतल्या अनेक म्हाताऱ्या होत्या, आजारी होत्या, आणि त्यांची निवड त्यांची होती.

आता विश्वासार्हतेविषयी, कारण यावर तुम्हाला हमखास विचारले जाईल. जॅन यांनी त्या घरातला काळ तीन महिन्यांहून जास्त असल्यासारखा सांगितला आहे. कागदपत्रांवरून सेमारांगमधल्या या जागा मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने चालल्याचे दिसते. या फरकावर बोट ठेवून साऱ्या साक्षीवरच शंका घेणारे लोक आहेत. माझे मत स्पष्ट आहे. ज्या मुलीला त्या घरात दिनदर्शिका, बातमी किंवा ठरलेले उद्या यांपैकी काहीच मिळत नव्हते, तिच्या कालगणनेत असा ताण पडणे हे खऱ्या आठवणीचे लक्षण आहे. घडलेल्या गोष्टीच्या गाभ्यात मात्र तिचा हात कुठे डळमळत नाही: छावणी, निवड, ट्रक, घर, डॉक्टर, अचानक सुटका. आणि या प्रत्येक टप्प्याला जॅन बोलण्याच्या ४४ वर्षे आधीचा, १९४८ च्या खटल्याचा आधार आहे. त्यावर त्यांच्या आठवणीचा प्रभाव पडण्याचा प्रश्नच येत नाही. १९९४ साली डच सरकारने केलेल्या अभ्यासातही ईस्ट इंडीजमधल्या जपानी लष्करी वेश्यालयांत दोनशे ते तीनशे युरोपियन स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी सुमारे ६५ जणींवर निश्चितपणे सक्ती झाली होती, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा लेखात काळ 'सुमारे दोन महिने' असा द्या, जॅन यांना तो अधिक लांब आठवत होता हेही एका वाक्यात सांगा, आणि पुढे चला. आकडा लपवणे किंवा गुपचूप दुरुस्त करणे दोन्ही टाळा. लपवलेला फरक उद्या कोणीतरी शोधून काढील, आणि तेव्हा जॅन यांच्या वतीने उत्तर द्यायला जॅन नसतील.

काही पथ्येही सांगते. रुमालावरच्या इतर मुलींची नावे छापू नका. ती काही ठिकाणी छापलेली आढळतील, पण बोलायचा निर्णय जॅन यांनी घेतला होता, त्या मुलींनी नव्हे. अत्याचाराचे वर्णन एका परिच्छेदाबाहेर जाऊ देऊ नका. शीर्षकात त्यांचे आयुष्य त्या दोन महिन्यांनी ओळखले जाईल असा शब्द नको. आणि इंडोनेशियन स्त्रियांचा उल्लेख कुठेतरी सहज म्हणून नव्हे, तर खटल्याच्या परिच्छेदातच करा, कारण त्यांना वगळले गेले ते तिथे.

क्षमेबद्दल तुम्हाला बरेच वाचायला मिळेल आणि तिथे जपून लिहा. जॅन यांनी आपल्यावर अत्याचार करणाऱ्यांना क्षमा केल्याचे वारंवार सांगितले, त्यांच्या श्रद्धेत ते बसत होते, आणि त्यांचे जपानी मित्रही होते. याच जॅन जपान सरकारकडून पूर्ण, अधिकृत माफीची मागणी करत राहिल्या. अनेक लेखक या दोन गोष्टींपैकी पहिली उचलतात, कारण ती वाचकाला सुखावते. जॅन यांच्या दृष्टीने क्षमा ही त्यांनी स्वतःच्या मनासाठी करायची गोष्ट होती आणि माफी ही राज्याने इतिहासापुढे मागायची गोष्ट होती. पहिलीमुळे दुसरीची गरज कमी होत नव्हती. हा फरक त्यांनी इतक्या ठाम शब्दांत मांडलेला असताना त्यांना केवळ क्षमाशील आजी म्हणून रंगवणे म्हणजे त्यांना पुन्हा एकदा गप्प करणे आहे.

सन्मानांसाठी दोन ओळी पुरेत. २००१ साली नेदरलँड्सने, २००२ साली ऑस्ट्रेलियाने त्यांना गौरवले, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्याकडूनही त्यांना धर्मपीठाचा मानाचा किताब मिळाला. ज्या चर्चच्या धर्मगुरूने एकदा त्यांना दारातून परत पाठवले होते त्याच चर्चचा हा किताब, म्हणून तो त्या जुन्या प्रसंगाच्या जवळ ठेवला तर वाचकाला त्याचे मोल कळेल.

जॅन १९ ऑगस्ट २०१९ रोजी अॅडलेड येथे वारल्या. ज्या माफीसाठी त्यांनी सत्तावीस वर्षे घालवली, ती त्यांना मान्य होईल अशा रूपात त्यांच्या हयातीत आली नाही. तुमच्या लेखात हे वाक्य मृत्यूच्या तारखेच्या शेजारीच असू द्या.